तेलाचा अहवाल

रविवारी सकाळी आम्ही गाडी बघायला निघायच्या आधी भावजय माझ्या खोलीत आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"ताई, तेलाचं काय निघालं?"

मी कागद तिच्यापुढे धरला. वापरलेलं इंजिन ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी अठरा वर्षं काम करते आहे. इंजिनाच्या आत जे झिजतं ते तेलात उतरतं, आणि तेलात उतरलेलं मोजता येतं. धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, एक जुनी डिझेल पिकअप जवळजवळ पक्की केली होती. चार लाख बारा हजार किलोमीटर धावलेली. तिचं तेल मंगळवारी मी स्वतः काढून आणलं होतं. डिपस्टिकच्या नळीत बारीक रबरी नळी सोडून, सिरिंजने ओढून, शंभर मिलिलिटर. बाबांनीच सांगितलं होतं, "तुझ्या शिक्षणाचा घराला एकदा तरी उपयोग होऊ दे."

"शिसं आणि तांबं फार आहे," मी म्हणाले. "म्हणजे बेअरिंग संपत आलेत. सोडियमही आहे. म्हणजे रेडिएटरचं कूलंट तेलात जातंय."

"म्हणजे घ्यायची नाही."

"नाही."

ती पलंगाच्या कडेवर बसली. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचा तिचा एक भाड्याचा गाळा होता. तीन मशीन, एक कापायचं टेबल, हाताखाली दोन बाया. गाडी घ्यायची तर ते सगळं विकायचं, असं बापलेकांनी जेवताना ठरवलं होतं. तिला ते वाढता वाढता कळलं होतं.

"मग माझं एक ऐका, ताई. तिथे काही बोलू नका. कागद काढूच नका."

"सांगायलाच तर मी येतेय."

"राग मानू नका. पण तुम्ही नको म्हणालात की ते घेणार. माझ्याबद्दलही तुम्ही नकोच म्हणाला होतात. म्हणून तर मी या घरात आहे."

ते खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी मी म्हणाले होते, मुलगी इतकी चांगली आहे की हिला आपल्या घरात आणू नका. धाकट्याने त्यातलं 'नका' तेवढं ऐकलं. त्याआधी सायकलचे ब्रेक सैल आहेत म्हणाले, तर तो त्याच सायकलवरून उतार उतरला आणि समोरचे दोन दात घालवून आला. त्यानंतर कारखान्यातली कायमची नोकरी सोडू नकोस म्हणाले, तर आठवड्याच्या आत सोडली, आणि आता काचेच्या दुकानदाराची गाडी चालवून लोकांच्या घरी काचा पोचवत होता. एकदोन निरीक्षणांवरून नियम मांडता येत नाही. माझ्याकडे तीसेक तरी होती.

"तुम्ही गप्प राहिलात तर ते आपोआप मागे येतील," ती म्हणाली. "आतून घाबरलेत. झोपेत गिअर बदलतात."

"बरं," मी म्हणाले, आणि कागदाची चौघडी करून पर्समध्ये टाकली.

दलालाचं आवार शहराबाहेर, लोखंडाच्या वखारीमागे होतं. पत्र्याच्या शेडखाली नऊ गाड्या उभ्या होत्या. आपली म्हणायची ती पांढरी पिकअप सर्वांत पुढे, टायरना काळं पॉलिश लावून. दलाल हातातल्या पिवळ्या फडक्याने दर दोन मिनिटांनी तिचा आरसा पुसत होता. धाकट्याने ओळखीचा मिस्त्री बरोबर घेतला होता. बाबा एका स्टुलावर बसले. भावजय फाटकाजवळच थांबली.

"चार लाख बारा हजार," मिस्त्री वाकून म्हणाला. "चंद्रावर जाऊन आली की काय?"

"पोचली. परत यायचं राहिलंय," दलाल म्हणाला. "पण ओढते कशी, ते बघा."

मी बॉनेटवर हात ठेवला. ऊन शेडमध्ये येत नव्हतं आणि पत्रा चांगला गरम होता. मी हात काढून घेतला. बोलले नाही. माझ्यामागून मिस्त्रीनेही हात ठेवला.

"सकाळी फिरवून आणलीत?"

"छे. नुसती जागा बदलली."

"जागा बदलून एवढी तापते? कुठल्या गावातून कुठल्या गावात बदललीत?"

थंड इंजिन चालू करून बघितल्याशिवाय त्याचं दुखणं कळत नाही, हे दलालाला माहीत होतं. म्हणूनच त्याने ते आधी तापवून ठेवलं होतं. मिस्त्री हटून बसला. इंजिन निवेपर्यंत आम्ही तास-दीड तास थांबलो. मग धाकट्याने किल्ली फिरवली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्या वेळी इंजिन खोकत लागलं आणि मागून पांढरा धूर आला. त्याला कूलंटचा किंचित गोडसर वास होता. मिस्त्रीने तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवलं. ते दोनदा उडालं आणि खाली पडलं.

"आतून दाब येतोय," मिस्त्री म्हणाला. "रिंगा झिजल्यात."

"एवढं धावल्यावर तुम्हीसुद्धा थोडं फुरफुराल," दलाल म्हणाला.

धाकटा खाली उतरला. पडलेल्या झाकणाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मी लहानपणापासून वाचते आहे. तो मागे आला होता. त्याने किल्ली बॉनेटवर ठेवली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "दुसरी बघू."

फाटकाजवळ भावजयीने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. एवढंच. पण मला दिसलं.

आता चौघांसमोर माघार घेतलेल्या माणसाला दुसरं कुणीतरी लहान करावं लागतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मी सापडले.

"आणि आमच्या शास्त्रज्ञ बाई आज मौनात? तेल हुंगून काही कळलं की नाही?"

"तेल हुंगतात?" दलालाने विचारलं.

"तेच काम. लोक अत्तर हुंगतात, आमची ताई जळकं तेल हुंगते. नवराही दोन वर्षं हुंगून बघितला आणि परत केला."

"ती कुठली परत करायला," बाबा स्टुलावरून म्हणाले. "त्यानेच आणून सोडली. वापरून झाल्यावर."

मिस्त्री हसला. दलाल हसला, मग फडकं तोंडाशी धरून खोकल्यासारखं करून पुन्हा हसला. बाबांना आपलाच विनोद इतका आवडला की त्यांनी डोळे पुसले.

मला राग आला असं म्हणता येणार नाही. काय होईल ते मला नेमकं माहीत होतं, आणि कुणाचं होईल तेही. मी फाटकाकडे पाहिलं. भावजयीने मान अगदी थोडी हलवली, एकदाच, नाही अशी.

मी पर्स उघडली.

"बरं केलंस किल्ली ठेवलीस ते," मी धाकट्याला म्हणाले. "ही गाडी अजिबात घेऊ नकोस."

मी कागद उलगडून सगळं वाचून दाखवलं. शिसं किती, तांबं किती, सोडियम किती, प्रत्येकाची मर्यादा किती आणि ती किती पटीने ओलांडली आहे. सावकाश वाचलं. धाकट्याची मान वर येत होती. शेवटी मी म्हणाले, "आणि गाडी धडधाकट असती तरी मी नकोच म्हणाले असते. स्वतःचा धंदा तुला झेपायचा नाही. तू दुसऱ्याच्या काचा वाहतोस, ते ठीक आहे."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. कुणीही कधीही तपासून घ्यावा.

"ऐकलंत, बाबा?" धाकटा म्हणाला. "हे हिच्या पोटात होतं."

"लहानपणापासून आहे," बाबा म्हणाले. "तुझं बरं झालेलं हिला बघवत नाही."

"मिस्त्री, बेअरिंग बदलता येतात ना?"

"बदलता तर सगळंच येतं," मिस्त्री म्हणाला. त्याला आता घरी जायचं होतं.

"मी तेल नवीन भरून देतो," दलाल म्हणाला. "मग तपासा की ताई. काचेसारखं निघेल."

"झालं तर मग," बाबा म्हणाले.

धाकट्याने किल्ली उचलली.

परत येताना भावजय माझ्याशेजारी बसली होती. बोटाच्या पेरावर सुया टोचून टोचून झालेला कडक भाग अंगठ्याने चोळत होती.

बुधवारी मशीन न्यायची होती. घेणारा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता, आणि न्यायला टेम्पो सांगायची आता गरज नव्हती. पिकअप गाळ्यासमोर उभी होती. धाकट्याने आणि बाबांनी दोन मशीन चढवली होती, तिसऱ्याचा पाय अडकला म्हणून ते तिरकं करत होते. हाताखालच्या दोन बाया पायरीवर पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना कुणी जा असं म्हटलं नव्हतं.

"पहिलं भाडं घरचंच," धाकटा म्हणाला. "ताई, ये, हात लाव जरा. शिक्षणाने वजन उचलत नाही."

मी हात लावला. इंजिन चालूच होतं. नवीन तेलाने आवाज थोडा मऊ झाला होता, पण खालून एक ठोका येत होता, नियमित, मिनिटाला मोजता येईल असा.

भावजय आतून शेवटची पिशवी घेऊन आली. कात्र्या, टेप, खडू. गाळ्याला कुलूप लावून तिने किल्ली मालकाच्या माणसाला दिली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. रविवारनंतर प्रथमच ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"किती दिवस, ताई?"

मला कळलं ती काय विचारते आहे.

"रोज भार भरून चालवली तर सहा आठवडे. आठ धर."

"सहा की आठ?"

"सहा."

तिने मान हलवली, पडद्याचं माप ऐकून घेताना हलवायची तशी. मग ती पुढे जाऊन धाकट्याच्या शेजारी बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.