चिमणाबाईंना काय आवडायचं

"पुरणपोळी," कमळाबाई म्हणाली. "चिमणाबाईचा लय जीव पुरणपोळीवर."

फुलाबाईने मान डोलावली, पण तिला ते पटलं नाही. पुरणपोळीवर जीव होता तो शेजारच्या कमळाबाईचाच, आणि ते अख्ख्या आळीला ठाऊक होतं. सासूचा दहावा उद्यावर आला होता. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काही गोदेवर नैवेद्याला न्यायचं, म्हणून फुलाबाई सकाळपासून ज्याला त्याला विचारत होती. नवरा देवराम कामावर जाता जाता 'पिठलं' म्हणाला. ते त्याचं आवडतं. लहानग्या कुसाने आजीला गूळ आवडायचा असं सांगितलं आणि लगेच स्वतःचा हात पुढे केला.

जिने उभा जन्म दुसऱ्यांच्या तोंडात घास घालण्यात घालवला, तिला स्वतःला काय आवडायचं, हे घरात कुणालाच सांगता येईना.

चिमणाबाई मूळची वणीकडची. नवरा लवकर गेला, पदरात एकुलता एक देवराम. त्याला नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात नोकरी लागली, तशी तीही गाठोडं बांधून आली आणि पहिल्याच दुपारी भाकर घेऊन फाटकावर हजर झाली. छापखान्यात नोटा आणि पोस्टाची तिकिटं छापायचे. आत-बाहेर जाणारी वस्तून् वस्तू तपासली जाई. दरवान रहेमानने फडकं सोडलं, भाकर उचलली आणि मधोमध मोडून पाहिली.

"पोराची भाकर मोडतो?" चिमणाबाईने विचारलं. "आत काय घावलं? पीठच ना?"

रहेमानने तसा हुकूम असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने एक भाकर जास्त आणली. "ही तुला मोडायला," ती म्हणाली, "अन् मोडलीच तर खाऊन टाक. माझ्या पोराची मात्र सगळी जाऊ दे." तेव्हापासून सरकारी तपासणी ठेचा लावून होऊ लागली.

पुढे एकदा देवराम पडसं घेऊन कामावर गेला. चिमणाबाई मागोमाग काढा घेऊन निघाली. भाकर आत जाते तसा काढाही जाईल, असं रहेमान म्हणाला. पण तिचा त्यावर भरवसा नव्हता. पोरगा काढा ओतून देतो, हे ती त्याच्या लहानपणापासून पाहत आली होती. तिने भिंतीकडे तोंड करून अशा काही हाका मारल्या की आतल्या यंत्रांच्या खडखडाटातही त्या ऐकू गेल्या. गोरा साहेब स्वतः फाटकावर आला. बाईचं म्हणणं काय, हे त्याने कारकुनाकरवी विचारलं.

"साहेबाला म्हणावं, तो आपणहून पित नाय. नाक धरावं लागतं."

कारकुनाने याचं इंग्रजी कसं केलं देव जाणे, पण साहेबाने देवरामला बोलावून घेतलं. मिशीवाला, लग्नाला आलेला बाप्या. साहेबासमोर ताठ उभा राहिला, आईने त्याचं नाक धरलं आणि काढा घशाखाली उतरवला. साहेबाने समाधानाने मान हलवली. छापखान्यात मात्र देवरामचा काढेराव झाला, आणि ते नाव जायला फार काळ लागला.

लग्न झालं, फुलाबाई घरात आली, पण दुपारच्या भाकरीला चिमणाबाईने तिचा हात लागू दिला नाही. ऊन फार आहे, आज मी जाते, असं सून एकदा म्हणाली, तर सासूचं उत्तर तयार होतं. "उन्हाचं काय, ते मला वळखतं."

कुसा झाल्यावर तर विचारूच नका. दृष्ट लागू नये म्हणून पोरीला इतकं काजळ फासलं जाई, की पोर लोहाराची का, असं नवी माणसं विचारत. कुसाने पहिलं पाऊल टाकलं ते सकाळी, देवराम कामावर गेल्यावर. हे बापाने आधी पाहायला हवं, असं चिमणाबाईने ठरवलं. पोर उभी राहिली की ती झबल्याला धरून तिला खाली बसवी. "थांब, बाप येऊ दे." दिवसभर आजी-नातीची अशी झोंबी चालली. संध्याकाळी देवराम उंबरठ्यात आला तेव्हा कुसा दमून गाढ झोपली होती, आणि तिच्याशेजारी चिमणाबाईही.

अशी ही बाई थोड्याशा तापाचं निमित्त होऊन गेली. जाण्याआधी देवराम जेवला का, एवढंच तिने विचारलं होतं.

देवरामला जास्त रजा मिळाली नाही. म्हणून दहाव्याच्या आदल्या दुपारी फुलाबाई पहिल्यांदाच भाकर घेऊन फाटकावर गेली. रहेमानच्या दाढीत आता पांढरं आलं होतं. त्याने मुकाट्याने भाकर आत पाठवली. सासूला काय आवडायचं, हे फुलाबाईने त्यालाही विचारलं. तो घुटमळला.

"मावशीनं शपथ घातली होती, वहिनी."

"कशाची शपथ?"

"घरात सांगायचं नाय म्हणून." त्याने रस्त्यापलीकडे बोट केलं. तिथे नाथाचं चहाचं दुकान होतं. "रोज भाकर आत गेली की तिकडं बसायच्या. कांद्याची भजी अन् चहा. वर अजून एक चहा."

फुलाबाई बघतच राहिली. चहा म्हणजे काळीज जाळणारं पाणी, बाजारचं खाणं म्हणजे घर बुडण्याची खूण, असं सासू उठता बसता सांगे. फुलाबाईने एकदा माहेराहून चहाची पुडी आणली, तर ती चिमणाबाईने मोरीत ओतली होती. फुलाबाईला आधी संताप आला. मग सासू नाथाच्या बाकड्यावर बसून, फाटकाकडे पाठ करून भजी खाते आहे, असं चित्र तिच्यापुढे आलं. सुतकात, भर रस्त्यात, पदराचा बोळा तोंडात कोंबूनही तिचं हसू थांबेना. हसता हसता डोळे कधी भरून आले ते तिलाही कळलं नाही. रहेमान दुसरीकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती भजी तळून आणि चहाची किटली घेऊन घाटावर गेली. कमळाबाईने कपाळावर हात मारला. भटजींनी किटलीकडे पाहून देवरामला विचारलं, की हे नक्की आईसाठीच ना. देवरामने मान डोलावली. फुलाबाईने काल सांगितल्यापासून त्याला एकच गोष्ट उमगत नव्हती, की आपण आईला कधी निवांत खाताना पाहिलंच कसं नाही.

पिंडापुढे पान वाढलं. किटलीला हात लावताच फुलाबाई थबकली.

"निवला," ती म्हणाली.

"राहू दे तसाच," देवराम म्हणाला.

"निवलेला चहा आत्याबाईंना चालायचा नाय," फुलाबाई म्हणाली. सासू चहा घेते हे तिला कालच कळलं होतं. पण तिने अशा अधिकाराने सांगितलं की भटजीही थांबले. तिने काटक्या गोळा केल्या, तीन दगड मांडले आणि किटली ठेवली. वाऱ्याने विस्तव विझू नये म्हणून देवराम धोतराचा सोगा आडवा धरून बसला.

चहा उकळला. तिने तो द्रोणात ओतून पानाशी ठेवला. त्यातून वाफ निघाली. ती निघत होती तोवर दोघंही तिथून हलली नाहीत.