आजी काय करायची

गिरधर आबांनी महिनाभर भाविकाची तयारी करून घेतली. नंदुरबारच्या दवाखान्यात तिची तपासणी होती, आणि तपासणी म्हणजे पास की नापास, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांच्या दोन मुलींची लग्नं ठरायची होती तेव्हा बघायला पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यांची बायको तापीबाई पोरींना समोर बसवून विचारायची: नाव काय, गाव कोणतं, शिक्षण किती. आबा खाटेवर बसून हसायचे. गेल्या कार्तिकात तापीबाई गेली. म्हणून आता सात वर्षांच्या नातीला आबाच विचारत होते.

"आबा," सून ममता म्हणाली, "हाई काय पोर दाखाडाना कार्यक्रम शे का?"

"तू गप ऱ्हाय."

भाविका दुसरीत होती. घंटा वाजली की कानांवर हात ठेवून वर्गाबाहेर पळायची. गुरुजींनी सांगितलं होतं, ऑटिझम आहे का ते तपासून आणा. तसं लिहून मिळालं तर तिच्यासाठी वेगळ्या बाई येतील. नाहीतर वर्गात तिला सांभाळणं कठीण आहे.

दवाखान्यात तपासणीला सोनम मॅडम होत्या. वयानं लहानच. त्यांनी भाविकापुढे रंगीत ठोकळे ठेवले.

"नाव काय तुझं?"

"भाविका हेमकांत पाटील."

आबांनी मान डोलावली.

"तुला काय आवडतं?"

"गाव तापीकाठी, तालुका शहादा," भाविका भिंतीकडे बघत म्हणाली.

"आज कशात बसून आलीस?"

"इयत्ता दुसरी."

ममतानं पदर तोंडाला लावला. सोनम मॅडम हसल्या नाहीत. "हे कोणी पाठ करून घेतलं?"

"मीच," आबा म्हणाले.

"बरं. आता तुम्ही सांगा. घरी तिला काय त्रास होतो?"

"काही नाही. शांत आहे. कामाला चपळ आहे." पाहुण्यांना ते मुलींबद्दल असंच सांगायचे.

"मग शाळेला काय लिहू, आबा? मदत नको, असं?"

भाविका खुर्चीच्या पायावर टाच आपटत होती. टक, टक, टक.

"तिची आजी होती तोवर खरंच त्रास नव्हता," ते म्हणाले.

"आजी काय करायची?"

हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. दारावर बसायला आलेले लोक ती कशी गेली ते विचारायचे.

"कुकरची शिट्टी झाली की पोर किंचाळायची," आबा म्हणाले. "म्हणून चार वर्षं डाळ चुलीवर, मागच्या अंगणात. मी म्हणायचो, गॅस काय पूजेला मांडला का? नवा फ्रॉक आणला की मानेजवळचं लेबल आधी उसवायची. भाकरीचा काठ पोरीला चालत नव्हता. तो काढून स्वतः खायची. म्हणायची, मला कडकच आवडतं." आबा थांबले. "तिला दात कुठे होते!"

उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या घालायला यायच्या. एवढा गलका, पण तापीबाईनं भाविकाला ओसरीच्या टोकाला वाळलेल्या बिबड्यांच्या चळती लावायला बसवलं होतं. पोर तासन् तास लावायची. एक वाकडी दिसली की सगळी चळत मोडून पुन्हा. शेजारची जमनाबाई म्हणायची, "वयनी, तुन्ही नात तं मुकादम शे!" तापीबाई म्हणायची, "शेच. एक बी फुटनी नही, मोजी ले." तेव्हा ओसरीभर हसू पसरायचं. आबांना ते आत्ता ऐकू येत होतं.

"आत्याबाईंना समजलं होतं?" ममतानं विचारलं. भाविका तीन वर्षांची असताना सुरतेच्या गोंगाटात राहीना, म्हणून तिनं आणि हेमकांतनं तिला गावी ठेवलं होतं. सासू गेल्यावर ममता परत आली होती.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"समजलं होतं. दोनदा म्हणाली, चला, दवाखान्यात दाखवू. मीच नको म्हटलं. पोरीची जात, उद्या लग्नाच्या वेळी लोक बोट दाखवतील. ती पुन्हा बोलली नाही. चूल मांडली."

ममतानं भाविकाच्या आपटणाऱ्या पायावर अलगद हात ठेवला, मग हात काढून घेतला.

सोनम मॅडम लिहीत होत्या. "अजून दोनदा यावं लागेल," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगितलं ते सगळं मी आजच शाळेला लिहून देते. घंटेचं आधी. आणि पाठ करून घेऊ नका. ती आहे तशी आणा."

"बरं."

"घरी आता हे कोण करणार? आई एकटी?"

"मी करसू," आबा म्हणाले.

ममतानं त्यांच्याकडे पाहिलं. "आबा, तुमले चहा तरी करता येस का?"

"नही," आबा म्हणाले. "तू दाखाड."