निळ्याच्या आधी

"बाबा, थांबा," मुलगी म्हणाली, तोवर घासायच्या चाकाखाली शिंपल्याचा रंग गेला होता.

बाबांनी, म्हणजे थांबाकाकांनी, शिंपला उचलून पाहिला. मधोमध मातकट दगड उघडा पडला होता.

"माल खराब आहे," ते म्हणाले. या महिन्यात हे तिसऱ्यांदा.

कारखान्यात त्यांना सगळे थांबाकाका म्हणत, कारण चाळीस वर्षं नव्या माणसाला त्यांनी एकच धडा दिला होता: वेळेवर थांबा. कोट्यवधी वर्षं जमिनीत दबलेल्या या शिंपल्यांवर रंगाचा थर असतो जेमतेम नखाएवढा जाड. मोत्यात असतं तेच खनिज, अ‍ॅरागोनाइट, काचेहूनही मऊ. त्यात रंग असा काही नसतोच. पापुद्र्यावर पापुद्रे, त्यांतून उजेड परततो तो लाल, हिरवा होऊन. निळा क्वचित, म्हणून त्याचा तोरा मोठा. वरचं कवच घासायचं आणि रंग दिसला की हात आवरायचा. एवढंच काम, पण त्यात भल्याभल्यांची भंबेरी उडते.

शेजारच्या चाकावर बसणाऱ्या मुलीने तो शिंपला खिडकीशी नेला. काठावर अजून एक रेघ चमकत होती.

"बाबा, तिन्ही निळेच होते."

"निळा कुठला? राखाडी होता. निळा यायची वाट बघत होतो मी."

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच उमगलं. डोळ्याचा पडदा झिजतोय, रंग ओळखताना अडचण येईल, त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं; खरं तर स्वतःलाही नाही. आता त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टेबलावर तळहाताएवढा अख्खा शिंपला उरला होता. असा वर्षातून एखादाच येई.

"हा मी करू?" मुलीने हळूच विचारलं.

"तुझा हात अजून जड पडतो गं." त्यांनी शिंपला उचलला. "हात माझा, डोळे तुझे. बस इथे."

चाक फिरू लागलं. ती श्वास रोखून वाकली. काकांना दिसत होती ती नुसती राख.

"बास."

त्यांचा हात जागच्या जागी थांबला. आजवर दुसऱ्याच्या शब्दावर तो कधी थांबला नव्हता.

"कसा आलाय?"

"आईच्या शालीचा निळा. कडेला थोडा जांभळा."

ती बोट दाखवत होती तिकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग शिंपला मऊ फडक्यात गुंडाळून त्यांनी पुडी बांधली, आणि पेन्सिलने वर ठसठशीत अक्षरात लिहिलं: निळा.