माझा मेणाचा कोट

मी एक जुना क्षयाचा जंतू आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. फुटक्या छत्रीची आणि मोडक्या खुर्चीची कहाणी तुम्ही डोळ्यांत पाणी आणून ऐकता, मग माझीही ऐका. मी मात्र रडणार नाही आणि माफीही मागणार नाही.

माझा सगळा रुबाब माझ्या कोटात आहे. जाड, चरबीचा, मेणचट कोट! त्यात पाणी शिरत नाही आणि आम्लालाही तो दाद देत नाही. तो विणायला वेळ लागतो, म्हणून इतर जंतू घटकाभरात एकाचे दोन होतात तिथे मला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. लागू दे की! घाईगर्दीत शिवलेले कपडे टिकतात कुठे?

मसुऱ्याजवळच्या एका वाडीतले दाजी हे माझे घर. दाजी म्हणजे गावाचा आवाज. जत्रेत रवळनाथाच्या देवळासमोर उभे राहून ते सगळ्या गावासाठी गाऱ्हाणे घालत आणि त्यांच्या एकेका मागण्याला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देई. त्या दणदणीत छातीत मी कोणाच्या तरी खोकल्यातून शिरलो. पहारेकरी पेशींनी मला गिळले, पण पचवणार कशा? कोट होता ना! शेवटी त्यांनी माझ्याभोवती भिंत घातली. मी आत वर्षानुवर्षे निवांत झोपलो. दाजींचे वय झाले, रक्तातली साखर वाढली, भिंत ढासळली आणि मी आळस देऊन उठलो.

मग खोकला सुरू झाला आणि अंगावरचे मांस झडले. दाजी खापर काजूच्या झाडांवर फोडत, "काजीच्या मोहराचो त्रास आसा." दाजींची बायको मथुरा काही खुळी नव्हती. तिने त्यांना दवाखान्यात नेले.

तिथे माझी फजिती झाली. बेडक्यातून गेलेल्या माझ्या भावंडांना काचेवर पसरून लाल रंग दिला आणि वरून आम्लाने धुतले. आरोग्यसेविका विनीता समजावत होती ते मी छातीत बसून ऐकले. "दाजीनू, दुसऱ्या जंतूंचो रंग धुतल्यावर जाता. ह्येचो जायत नाय. मेणाचो कोट आसा ना, तो रंग धरून ठेवता. म्हणान गावलो."

ज्या कोटाचा मला एवढा ताठा, त्यानेच मला पकडून दिले! संताप झाला माझा.

मग आल्या गोळ्या. त्यातली एक तर थेट माझ्या कोटाच्या मेणावरच उठली. नवे मेण तयार होईना. उघडी पडलेली माझी भावंडे भराभर मेली. आम्ही हट्टी तेवढे कोपऱ्यात दबा धरून बसलो. खोकला थांबला, दाजींना भूक लागू लागली आणि जत्रा तोंडावर आली. गाऱ्हाणे घालायचे म्हणून दाजींनी उपास धरला. उपासाला औषध चालत नाही म्हणत त्यांनी गोळ्या देव्हाऱ्यामागे सारल्या. खरे कारण मला ठाऊक होते. जत्रेला मुंबईहून पाहुणे आले होते आणि त्यांच्यासमोर गोळी घ्यायची दाजींना लाज वाटत होती.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी पुन्हा मेण विणायला घेतले. आता परतलो तर असा परतणार होतो, की त्याच गोळ्यांना भीक घालणार नव्हतो.

जत्रेच्या दिवशी सकाळी देव पुसताना मथुरेच्या हाती गोळ्या लागल्या. ती तडक देवळात गेली. सगळे मानकरी उभे होते, दाजी नारळ घेऊन पुढे झाले होते. तिने गोळ्या आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"घेवा."

"गो, लोक बघतत! उपास आसा माझो."

"बघांदेत. देवाक गोळी खाल्लेलो माणूस चलता. मसणात गेलेलो गाऱ्हाणां कसां घालतलो?"

मी आतून ओरडत होतो, 'दाजी, लाज धरा!' दाजींनी मथुरेकडे पाहिले, गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी घेतले आणि नारळ उचलला.

"बा रवळनाथा म्हाराजा! माका टीबी झालो हा. मी लपवलंय, ती माझी चूक. आता दवाखानो 'पुरे' म्हणीपर्यंत एक गोळी चुकवूचंय नाय. आणि ह्या गावात जो कोण खोकलो लपवून बसलो आसात, तेका दवाखान्याची वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ज्या छातीत मी बसलो होतो, तीच त्या आवाजाने हादरली.

मित्रांनो, आता मी थोडाच उरलो आहे आणि माझा कोट विरला आहे. दया करा असे मी म्हणणार नाही. ताठ मानेने जगलो, तसाच मरेन. माझ्या गोताला मात्र तुमचा अजून भरवसा आहे. कोणाच्या तरी घरात आज खोकला लपवला जाईल, बरे वाटले म्हणून कोणीतरी गोळ्या बाजूला सारील. मेण विरले तरी तुमची लाज आम्हाला पांघरायला पुरते. दाजींनी ती भर देवळात फेडून टाकली, म्हणून मी हरलो.

मथुरा पेला घेऊन येते आहे. येऊ दे.