माझ्याखाली ‘अज्ञात’ लिहू नका

मी एका जुन्या मासिकाचं मुखपृष्ठ आहे आणि मी रागानं बोलतोय. काचेआड टांगलंय म्हणून गप्प बसेन, असं समजू नका.

साठेक वर्षांपूर्वी रंगूनच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. मला रंगवलं टिन यीनं. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तिची थोरली बहीण कोपऱ्यावर गाडा लावून मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवया, विकायची. तिलाच तिनं माझ्यावर उतरवलं. गालांवर थनाखाच्या सालीचा पिवळसर लेप, हातात रश्शाची पळी आणि ‘तिखट कमी घाल’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतानाचं ते तिरकं हसू. आत पहिल्याच पानावर टिन यीचं नाव छापलं होतं. बहिणीनं त्या अंकाची एक प्रत गाड्यावर टांगली आणि महिनाभर येईल त्याला सांगितलं, की हे माझ्या धाकटीनं काढलंय.

मी ज्या प्रतीवर होतो ती मात्र एका मास्तरांच्या पेटीत पडून राहिली. मास्तर गेले, तसे आम्ही पानसोडान रस्त्यावरच्या फुटपाथवर आलो. तिथं ऊ चॉ ठेंनी मला उचललं. जुनी मुखपृष्ठं जमवण्यात त्यांचा हात धरणारं शहरात कुणी नाही. त्यांनी मला डोळ्यांशी धरून बराच वेळ न्याहाळलं. मी हरखलो. मग घरी नेऊन ब्लेडनं मला अंकापासून कापलं. आतल्या कथा, कविता, ते पहिलं पान, सगळं दाणेवाल्याकडे पुड्या बांधायला गेलं. मला सोनेरी फ्रेम मिळाली आणि खाली चिठ्ठी: अज्ञात चित्रकार.

ऊ चॉ ठेंनी जुन्या मुखपृष्ठांचं विक्री-प्रदर्शन भरवलं. तिथं टिन यी आली, भाचीचा हात धरून. आता ब्याऐंशीची. हे चित्र माझं, ही बाई माझी बहीण, ती गेल्या वर्षी वारली, एवढंच तिनं सांगितलं. ऊ चॉ ठेंनी खुर्ची दिली, चहा मागवला. मग हसून म्हणाले, की प्रत्येक प्रदर्शनात कुणीतरी असं सांगत येतंच; पुराव्याशिवाय नाव कसं लिहायचं?

“अंकात नाव छापलंय माझं. आतली पानं आणा.”

“ती कोण ठेवतंय, आजी? किंमत कव्हरला असते.”

टिन यीनं कप खाली ठेवला. “म्हणजे पुरावा तुम्हीच फेकलात आणि आता मागताय माझ्याकडे?”

ते एका गिऱ्हाइकाकडे वळले. भाची भांडायला उठली, तर टिन यीनं तिला आवरलं. निघताना तिनं काचेवरून बहिणीच्या गालावर बोट टेकवलं. तो ठसा ऊ चॉ ठेंनी लगेच रुमालानं पुसला.

संध्याकाळी मी विकला गेलो. हल्ली एका बंगल्यात जेवणाच्या टेबलामागे असतो. पाहुणे विचारतात, कुणी काढलंय? “असेल कुणी जुना चित्रकार,” मालक म्हणतात आणि भात वाढून घेतात.

असेल काय? आहे! बाई आहे, जिवंत आहे, याच शहरात राहते.

आम्हाला जमवा, भिंतीवर लावा, माझी ना नाही. पण ब्लेड टेकवण्याआधी पान उलटा, नाव वाचा. एवढंही जमत नसेल, तर आम्हाला फुटपाथवरच राहू द्या. तिथं धूळ होती, पण मी अख्खा होतो.