नथ गिळणारी दगडी पेटी

मी जव्हारजवळच्या जामसर गावच्या काळ्या पाषाणाची पेटी बोलतेय. धरणीच्या पोटातला उकळता रस थिजून माझा दगड झाला आणि त्याच्या पोकळ्यांत पोपटी स्फटिक उगवले. विहीर खणताना मी बुध्याला सापडले.

बुध्या जाती-पाटे घडवायचा. जव्हार दरबारातले कारकून श्रीकृष्णपंत त्याला म्हणाले, "आमच्या हिला नथ ठेवायला नाजूक पेटी कर. तिच्या पुरणपोळीला मी थालीपीठ म्हणालो. पंधरा दिवस झाले, बोलत नाही माझ्याशी."

बुध्यानं झाकणावर पोपटी खडे फुलासारखे बसवले, कडेनं अकीकाचे खडे जडवले. भिंती मात्र जात्याच्या दगडाइतक्या जाड! दोन माणसांनी मला काठीला बांधून जव्हारला नेलं. मी वाटभर नवरीसारखी डुलत होते.

पंतांच्या पत्नी कुसुमावतीबाईंनी आत नथ ठेवली, झाकण लावलं आणि ते बसलं ते बसलंच. दुसऱ्या दिवशी राजवाड्यात हळदीकुंकू! पंतांनी ओढलं, शेजाऱ्यांनी ओढलं. शेवटी पंतांनी घण मागवला.

तेवढ्यात निरोप मिळालेला बुध्या धावत आला. मागे त्याची बायको पोशी.

"नका मारू, पंत! पेटी फुटल, नथपण चुरा होल," बुध्या ओरडला.

पोशीनं फटीत तेल सोडलं. मग नवरा-बायकोनं मला ओट्याच्या कडेला पालथं धरलं आणि पोराची ढेकर काढावी तशी पोशी माझी पाठ थोपटू लागली. झाकण सुटलं, ते थेट पंतांच्या अंगठ्यावर! मागोमाग नथही टपकली. पंत एका पायावर ओसरीभर नाचले.

बाईंना हसू आवरेना. "अहो, बसा! पाय बघू," त्या म्हणाल्या. महिन्याभरानं पंतांसाठी त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

"पोशी, काय देऊ तुला?"

"एकदा नथ घालू द्या."

नथ चापाची होती. बाईंनी स्वतः तिच्या नाकावर बसवली. पोशी ताठ मान करून बुध्यासमोर उभी राहिली.

"आता भाकर कुठून खाशील?" बुध्यानं विचारलं.

"तू भरव!"

झाकणाचा त्या दिवशी टवका उडाला, ते पुन्हा नीट बसलंच नाही. आता मी ओसरीवर उघडीच असते, पोटात सुपारी घेऊन. बाजाराच्या दिवशी पोशी येते, माझ्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला बाई. दोघी सुपारी कातरतात आणि आपापल्या नवऱ्यांच्या नकला करतात. जव्हारला आलात तर मला जरूर पाहा. फक्त हलवू नका, दोघींच्या गप्पा अजून अर्ध्यावर आहेत.