सासऱ्यांच्या गल्लीचा रंग

माझे सासरे निवृत्त हेडमास्तर. नाकावर माशी बसू न देणारे. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहतात. बायको दोन वर्षं त्यांना आमच्याकडे राहायला बोलावतेय, पण त्यांचं एकच पालुपद: "आमच्या गल्लीची सर तुमच्या वस्तीला नाही."

मी जनगणनेच्या आकड्यांवरून शहरातल्या गल्ल्यांचे गट पाडतो. वय, शिक्षण, खोल्या, वाहनं असे रकाने कॉम्प्युटरला दिले की तो सारख्या गल्ल्या एका गटात टाकतो आणि नकाशावर दर गटाला एक रंग देतो. परवा सासरे ऑफिसात आले, चष्मा पुसून नकाशावर वाकले आणि लालबुंद झाले. त्यांची गल्ली आणि मागची गल्ली, दोन्ही पिवळ्या!

"जावईबापू, आम्ही त्यांच्यात? जिन्यात सायकली लावणारे लोक ते!"

"आकड्यांत तुम्ही एकाच माळेचे मणी आहात, बाबा."

"मग माळ तोडा."

सासऱ्यांना नाही म्हणायची माझी छाती नाही. मी आणखी रकाने घातले. नळ. गॅस. भाड्याची घरं. पदवीधर बायका. दोन्ही गल्ल्या डिंक लावल्यासारख्या चिकटलेल्याच. सासरे खुर्ची ओढून बसले आणि नापास पोराचा पेपर बघावा तसे स्क्रीनकडे बघत राहिले. शेवटी मी घरटी माणसांचा रकाना घातला. मागची गल्ली पिवळी राहिली, यांची निळी झाली.

"बघा! मी म्हणत नव्हतो?" सासऱ्यांनी टेबलावर थाप मारली. "कशात पुढे आहोत आम्ही?"

"एकटं राहण्यात," मी म्हणालो. "तुमच्याकडे दर तिसऱ्या घरात एकच माणूस आहे. मागे सगळी भरली घरं."

जीभ चावली मी, पण बाण सुटला होता. सासऱ्यांनी निळ्या रंगावर बोट ठेवलं.

मग खाकरून म्हणाले, "समजा, आमच्यातला एक माणूस दुसरीकडे राहायला गेला. हा रंग बदलेल?"

एका माणसाने काडीचाही फरक पडत नाही, हे शाळकरी पोरही सांगेल.

"ताबडतोब बदलेल," मी ठोकून दिलं.

सासऱ्यांनी तीस वर्षं गणित शिकवलंय. तरी त्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं.

"गल्लीसाठी एवढं करायलाच हवं," ते म्हणाले. "लेकीला फोन लावून द्या."